समुद्र धरून उभी

दिवाळी सरली की आमच्याकडे मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची. बांध्यांत धान कापून पडलेला असतो, हवेत त्याचा ओलसर, गोडूस वास असतो आणि कुठून ना कुठून दंडारीच्या खेळाची ढोलकी ऐकू येत राहते. लेकी माहेरी येतात, सोयरे येतात, एरवी दोन माणसं जेवतात त्या घरात पंधरा पानं पडतात. सगळा मुलूख या दिवसांची वाट पाहतो. मी पाहत नाही. वर्षातून हे पंधरा दिवस कापून टाकता आले असते तर मी केव्हाच टाकले असते.

यंदा भाऊबीजेला भंडाऱ्याला भावाकडे गेले. ओवाळून झालं. बाबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. ऐंशी ओलांडलीय त्यांनी, पण कान शाबूत आहेत, ऑपरेशननंतर डोळेही बरे चालतात, आणि भाजीत मीठ कमी पडलं तर ते आजही बरोबर सांगतात. दूर ढोलकी सुरू झाली. ती ऐकत ऐकत ते एकदम म्हणाले, "बाई, मले तुया मायचं तोंड आठवून नाही राहिलं."

मी हातातलं ताट खाली ठेवलं.

"आवाज आठवते. चालणं आठवते. तोंड आठवाले जातो तं दुसऱ्याच कोणाचं येते. गिऱ्हाइकाचं." मग म्हणाले, "तुयाजोळ तो फोटो आहे नं? पडद्यामांगून पाह्यते तो? एकदा आणजो. पाह्यतो."

"आहे नं बाबा," मी म्हणाले. "नागपूरले कपाटात आहे. आणते."

तो फोटो माझ्याजवळ नाही. चाळीस वर्षांपासून नाही. आईचा जगात तेवढा एकच फोटो होता आणि तो मी, नऊ वर्षांची असताना, माझ्या हातानं वैनगंगेत सोडला.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, भावाला नाही. बाबांना तर नाहीच. भाऊबीजेच्या त्या रात्री मी छताकडे पाहत पडून होते आणि मीही तिचा चेहरा आठवून पाहिला. कपाळावरचं गोंदण आलं, नाकातला खडा आला. मधली जागा कोरी. म्हणजे आता माझ्याजवळ ती नाही, बाबांजवळ ती नाही, आणि भाऊ तेव्हा मांडीवरचा होता. आई गेली त्याचं मला जे वाटलं नव्हतं ते त्या रात्री वाटलं. ती आता खरीच चालली होती, आणि तिला जायची वाट मीच करून दिली होती.

सकाळी उठून मी सावरघाटला, आमच्या जुन्या गावी, निघाले. बाबांना सांगितलं, गावाचे फोटो काढून आणते तुमच्यासाठी. मनात दुसरंच होतं. बाबा फोटोग्राफर. आई गेली त्या सालच्या मंडईत त्यांनी निम्म्या गावाचे फोटो काढले होते. त्यातल्या एखाद्यात, कुणाच्या तरी भिंतीवर, कडेला का होईना, आई आली असेल. बुडत्या माणसाला जे सुचेल तेच मला सुचलं होतं. बाबा मात्र खूश झाले. "घाट काढजो," ते म्हणाले. "ऊन आपल्या पाठीवर ठेवजो. आन् दुपारी कोणाचं तोंड नोको काढू, डोळ्याखाली सावल्या पडते."

सावरघाट हे वैनगंगेकाठचं एकेकाळचं बाजाराचं गाव. पलीकडच्या पंचवीस खेड्यांचा माणूस डोंग्यात बसून याच घाटावर उतरायचा. कापड, भांडी, सोनं, लग्नाचा बस्ता, सगळं इथे. मग वरच्या अंगाला पूल झाला, रस्ता तिकडून गेला, बाजारही रस्त्यामागे गेला. गावाचं कुणी वाईट केलं नाही. लोकांना यायचं कारण उरलं नाही, इतकंच. पोरं नागपूरला गेली, काही वरठीच्या कारखान्यात मोटारसायकलवर जाऊन-येऊन करतात. एसटी आता फाट्यावरच सोडते.

फाट्यावरून चालत निघाले आणि मोबाइल काढला. पहिला फोटो वेशीजवळच्या बंद राइस मिलचा. पत्रे उडालेले, आत कडुनिंब उगवलेला. दुसरा सराफा गल्लीचा. बारा दुकानांच्या फळ्या ओळीनं लागलेल्या, एका ओट्यावर कुणीतरी शेंगा वाळू घातलेल्या. तिसरा एका दाराचा, ज्याला कुलूप होतं पण कडी भिंतीतूनच निघून आली होती. मी काढत गेले. प्रत्येक फोटोत ऊन पाठीवर ठेवत गेले. गाव इतकं गप्प होतं की मोबाइलचा तो खोटा खटका मला मोठा वाटायला लागला.

बाबांचा स्टुडिओ याच गल्लीच्या टोकाला होता. आता तिथे मोबाइल रिचार्जचं दुकान आहे. आतल्या काळ्या खोलीत, जिथे लाल दिवा लागायचा, तिथे त्या माणसानं कुरकुऱ्यांची पोती रचलीत. मी त्याला विचारलं, आधीचं काही सामान होतं का, काचा, डबे, निगेटिव्ह? "नाही जी, मी आलो तवा खाली होतं," तो म्हणाला. मलाही माहीत होतं ते. दुकान बंद केलं तेव्हा सगळ्या निगेटिव्ह भंगारवाल्यानं नेल्या होत्या. त्यातून चांदी काढतात म्हणे. अख्ख्या गावाचे चेहरे त्यानं हातगाडीवर घालून नेले. तरी मी विचारलं. त्या दिवशी मी असं बरंच काही विचारत फिरले, ज्याचं उत्तर मला माहीत होतं.

स्टुडिओतल्या पडद्याबद्दल सांगायला हवं. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या एका पेंटरकडून बाबांनी तो करून घेतला होता. समुद्रकाठचं एक लहानसं शहर. पांढऱ्या घरांची रांग, नारळाची झाडं, दीपगृह, शिडाचं जहाज. पेंटरनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. त्यामुळे त्याच्या समुद्राला तलावासारखी पाळ होती, पाळीवरून उतरायला पायऱ्या होत्या, आणि पाण्यात, जहाजाच्या अगदी बाजूला, तीन कमळं होती. बगळा तर होताच. कुणी काही बोललं नाही, कारण गिऱ्हाइकांनीही समुद्र पाहिला नव्हता. आमच्या तालुक्यातल्या एका अख्ख्या पिढीनं मान ताठ करून त्या कमळांच्या समुद्रासमोर फोटो काढले आहेत. मी त्या शहरातल्या गल्ल्यांना नावं दिली होती. तिसऱ्या घरात मी राहत असे.

मंडईच्या दिवसांत बाबा तो पडदा गुंडाळून गावोगाव नेत. मैदानात दोन बांबू रोवायचे, वर दोरी, दोरीवर समुद्र. एक बाजू बांबूला बांधून टाकायची. दुसरीही बांधली तर वारा आत शिरतो, पडदा फुगतो आणि घरं वाकडी होतात. म्हणून दुसरी बाजू कुणीतरी हातात धरावी लागे. वारा आला की थोडी सैल, गेला की पुन्हा ताण. हे काम आईचं. सकाळी दहापासून उजेड जाईपर्यंत ती पडद्यामागे उभी असे. समोरून फक्त तिची चार बोटं दिसत, पडद्याची कड धरलेली, आणि हिरव्या बांगड्या. "हालू देऊ नोको वं," बाबा काळ्या कापडात डोकं घालून ओरडत. "नाही हालत जी," समुद्रातून आवाज येई. पुढे फोटो छापला की बाबा नागमोडी काठाच्या कात्रीनं ती कड कापून टाकत. गिऱ्हाइकाला बोटं कशाला पाहिजेत?

पुढे नोकरी लागल्यावर मी खरा समुद्र पाहिला, शाळेच्या सहलीबरोबर. पोरी पाण्यात धावल्या. मी आधी त्याच्या दोन्ही कडांकडे पाहिलं.

आईचा फोटो कधी निघाला नाही. तिनं कधी हट्ट केला नाही आणि बाबांना सुचलं नाही. "घरचीच तं आहे, मंग काढू," असं चाले. रोल संपता संपता एखादी फ्रेम उरली की ती माझी. माझे लहानपणीचे सगळे फोटो असे रोल संपवायला काढलेले आहेत. त्या प्रत्येक फोटोत माझी आई आहे, समुद्रामागे, कापलेली.

त्या साली सावरघाटच्याच मंडईत शेवटची फ्रेम उरली तेव्हा बाबा म्हणाले, "आज तुया मायचा काढतो. ये वं समोर." आईला दोन दिवसांपासून ताप होता. तरी ती पदर नीट करत पुढे आली. आणि मी भोकाड पसरलं. मला नवा फ्रॉक होता, गुलाबी, मानेशी झालर असलेला. दिवसभर मी त्या फ्रेमची वाट पाहिली होती. आई हसली. "काढा जी पोरीचाच," ती म्हणाली. "माया मंग काढा. मी कोठी जाऊन राहिली?" आणि ती पुन्हा मागे जाऊन कड धरून उभी राहिली.

मला फ्रेम मिळाली, पण मी फुगूनच बसले. बाबा हस म्हणत होते, मी हसेना. तेव्हा आईनं पडद्याच्या कडेतून डोकं बाहेर काढलं, दीपगृहाच्या बाजूनं, आणि "भो!" केलं. खटका वाजला. बाबा कापडातून बाहेर येऊन म्हणाले, "घे, आली तू बी. चोरून आली."

तापानं दहा दिवसांत तिला नेलं. मेंदूत गेला म्हणाले.

दुपारी मी घाटावर उभी होते. पायऱ्या अर्ध्या गाळात गेल्या आहेत. एक डोंगा उलटा पडलेला, त्याच्या बुडाला भोक. फोटो काढला. बाबांनी सांगितलं होतं म्हणून दोन काढले. याच पायऱ्यांवर बाया आईच्या वस्तू घेऊन आल्या होत्या. फणी, कुंकवाची डबी, रोजचं लुगडं. एकेक वस्तू पाण्यात सोडताना एक म्हातारी म्हणत होती, "जिचं तिले." मी बाजूला उभी राहून पाहत होते. आमच्याकडे याला शिरवणं म्हणतात. शिरवलेलं ज्याचं त्याला पोचतं, असं मला कुणीतरी समजावून सांगितलं.

तेरवीनंतर बाबांनी काळ्या खोलीत जाऊन त्या मंडईचे रोल धुतले. गिऱ्हाइकं थांबली होती. तो फोटो त्यांनी पाकिटात घालून मला दिला. "हा तुया आहे," एवढंच म्हणाले आणि तोंड फिरवून आत गेले. मी एकदाच पाहिला. मी फुगलेली, आणि कडेला आई. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. ही फ्रेम तिची होती, मी रडून घेतली. म्हणून मी घाटावर आले, खालच्या पायरीपर्यंत उतरले, पाकिटातून फोटो काढला आणि पाण्यावर ठेवला. म्हणाले, "जिचं तिले." तो थोडा वेळ तरंगला, तोंड वर करून. मला वाटलं, मी चांगलं काम केलं. त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी शांत झोपले होते.

त्या पायरीवर आता बसताही येत नाही. मी वाकून पाण्यात पाहिलं. काय पाहत होते कोण जाणे. पन्नाशीला टेकलेली, दोन लेकरांची आई, शाळेत पोरांना विज्ञान शिकवणारी बाई, आणि मी नदीत फोटो शोधत होते. हसू यायला पाहिजे होतं, आलं नाही.

मग मी घरोघर फिरले. सात घरं उघडी सापडली. चार घरांत बाबांनी काढलेले फोटो होते, पण दुसऱ्या सालांचे. सगळीकडे तोच समुद्र, पिवळा पडलेला, आणि सगळीकडे नागमोडी काठ, नीट कापलेला. बाबांच्या कामात कसर नसे. त्या स्वच्छ काठांचा मला त्या दिवशी इतका राग आला.

शेवटी धिवर मोहल्ल्यात ठकाबाईंच्या दारात गेले. नवरा डोंगा चालवायचा त्यांचा. अंगणात जुनं जाळं पसरून त्यावर त्यांनी मिरच्या वाळत टाकल्या होत्या.

"कोण वं?"

"फोटोवाल्याची वनिता, काकू."

"अगे माय! फोटोवाल्याची पोरगी होय तू? बस, बस. बाबा हायेत नं?"

हार घातलेला नवऱ्याचा फोटो भिंतीवर होता. म्हणजे त्या दोघांचा. ठकाबाई, त्यांचा नवरा, मांडीवर लेकरू, मागे समुद्र. आणि उजव्या कडेला समुद्र संपत होता. त्याच्या पलीकडे मंडईचं खरं मैदान होतं, एका बैलाचं शेपूट होतं, आणि कडेवर चार बोटं. हिरव्या बांगड्या त्यात काळ्या आल्या होत्या.

"याचा काठ नाही कापला," मी म्हणाले.

"त्या साली कोणाचाच नोता कापला," ठकाबाई म्हणाल्या. "असाच देल्ला बाबानं. म्या काही मनलं नाही, बाप्पा. बायको गेल्ती त्याची. कैची कशी चालन?"

मी त्यांना विचारलं, काकू, तुम्हाला माझी माय आठवते? तोंडानं कशी होती? त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "गोरी नोती," त्या म्हणाल्या. "चांगली होती. आता कसं सांगू, बाई? तुयाच सारखी असन." मी फोटोचा फोटो काढला. सहा वेळा काढला, तेव्हा कुठे नीट आला.

परतताना मैदानावरून गेले. गावाची मंडई त्याच दिवशी होती, आता कुठे भरू लागली होती. पाळणा नव्हता, नाटक परवडत नाही म्हणे, पण दंडार होती, जिलबी होती, पाचपन्नास माणसं होती. एका कोपऱ्यात सेल्फीची जागा केली होती. लोखंडी चौकट आणि तीवर ताणून बसवलेलं फ्लेक्स. त्यावर निळाशार समुद्र, नारळाची झाडं, पांढरी घरं. दोन पोरी खिदळत फोटो काढत होत्या. वारा होता, पण फ्लेक्स हलत नव्हतं. चारी बाजूंनी नटबोल्ट मारलेले.

मी त्याच्या मागे जाऊन पाहिलं. मागे कुणी नव्हतं. एक जनरेटर होता आणि कागदी ताटल्यांचा ढीग. तिथे मला रडू फुटलं. पोरींनी वाकून पाहिलं आणि त्या दुसरीकडे गेल्या.

दिवेलागणीला भंडाऱ्याला पोचले. बाबा वाट पाहत होते. मी त्यांच्या शेजारी बसून एकेक फोटो दाखवला. मिल, गल्ली, घाट. "ऊन बराबर ठेवलं," ते म्हणाले. डोंग्याचा फोटो पाहून विचारलं, "हा धिवराचा?" मग ठकाबाईंच्या घरचा फोटो आला.

 मी दोन बोटांनी तो मोठा केला. त्यांनी तळहात पुढे आणला आणि ठकाबाई, नवरा, लेकरू, जहाज, कमळं, सगळं झाकायला गेले. स्क्रीनला हात लागला, फोटो सरकला. "हात नोका लावू बाबा, सरकते तो." मग त्यांनी हात वर अधांतरी धरला. आयुष्यभर जेवढी पट्टी कापून फेकली, तेवढीच उघडी ठेवली. तो त्यांनी काढला नाही.

"पाह्य," ते म्हणाले. "पडद्यावर सुरकुती नाही एक बी. ताप होता तिले."

"हो जी."

"हे हात झाले. आता तोंडाचा आणजो. येत्या आयतवारी आणशीन?"

मला पुन्हा 'हो' म्हणता आलं असतं. तोंडात आलंही होतं. पण त्यांचा हात अजून तसाच अधांतरी होता.

"तो नाही माझ्याजोळ, बाबा. मी नदीत शिरवला. मायचा होता मनून. तिले पोचन असं वाटलं मले. तेरवी झाल्यावर. तुमी देल्ला त्याच दिवशी."

बाबांनी हात खाली घेतला. अंगणापलीकडे कुणाच्या तरी मंडईची ढोलकी चालू होती. मला वाटलं रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मी लाल उजेडात पाह्यला होता," ते हळू म्हणाले. "पाण्यात होता. आधी तू आली. मंग कडेले तिचं तोंड वर याले लागलं. मी पाह्यलंच नाही पुरं, बाई. पाह्यवलं नाही. वाटलं, पोरीजोळ आहे. मंग पाहू."

मी त्यांचा गुडघा धरला. मला माफी मागायची होती, पण ती कुणाची मागायची हेही कळेना. बाबा माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिले, खूप वेळ, एखाद्या गिऱ्हाइकाकडे पाहावं तसं, उजेड कुठून पडतोय ते शोधत. मग त्यांनी मान हलवली, नाही सापडली अशी, आणि पुन्हा मोबाइलकडे वळले.

स्क्रीन काळी झाली होती. "लाव," ते म्हणाले. मी बोट लावलं. चार बोटं दिसली, बांगड्या दिसल्या. अर्ध्या मिनिटानं पुन्हा काळी. "लाव." ढोलकी थांबेपर्यंत आम्ही तसेच बसून होतो. ती विझायची, बाबा लाव म्हणायचे, आणि मी बोट लावायचे.